मास्तर क्लॉड रेन्स

‘कॅसाब्लांका’ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो. कुणी फिल्म सोसायटीच्या खेळाला, कुणी व्हिडिओ कॅसेट भाड्याने आणून, तर कुणी अलीकडे नातवाने टीव्हीवर लावून दिला म्हणून. हम्फ्री बोगार्ट लक्षात राहतो, इन्ग्रिड बर्गमन तर राहतेच. पण त्यातला तो गोडबोल्या, लाचखाऊ फ्रेंच पोलीस अधिकारी, कॅप्टन रेनो? त्याच्यावर चिडावं की त्याला मिठी मारावी हे शेवटच्या दृश्यापर्यंत ठरत नाही. त्याचं काम करणाऱ्या नटाचं नाव विचारलं की आमच्या गप्पांच्या कट्ट्यावर एकदम शांतता पसरते. तो क्लॉड रेन्स.

माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणिकेत हॉलिवूडच्या नटाचं काय काम, असं संपादक मंडळाने मला विचारलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. वाचणारे मात्र विचारतील, म्हणून आधीच सांगतो. हा माणूस जेमतेम दुसरीपर्यंत शाळेत गेला. त्याला ‘र’ म्हणता येत नव्हता. आणि असा माणूस पुढे लंडनच्या सर्वांत नावाजलेल्या नाट्यशाळेत मास्तर झाला. इंग्रजी रंगभूमीवरचे दोन फार मोठे नट त्याच्या वर्गात बसून गेले. हॉलिवूडबद्दल लिहायला मला तेवढं निमित्त पुरेसं वाटलं.

विल्यम क्लॉड रेन्स 10 नोव्हेंबर 1889 रोजी लंडनच्या कॅम्बरवेल भागात जन्मला. थेम्स नदीच्या दक्षिणेकडची ही कष्टकऱ्यांची वस्ती. घरात बारा भावंडं झाली, त्यातली जगली तीनच. वडील फ्रेड रेन्स नट होते आणि मूकपटांच्या काळात त्यांनी चित्रपटांतही कामं केली, पण घरात पैसा टिकत नसे. आई भाडेकरू ठेवून संसार रेटायची. पोरगा वर्तमानपत्रं विकायचा, चर्चमध्ये गाणाऱ्या मुलांत उभा राहून मिळतील ती नाणी आईच्या हातावर ठेवायचा. बोली अस्सल कॉक्नी, म्हणजे लंडनच्या गरीब वस्तीतली, जी ऐकली की तिथले साहेबलोक नाक मुरडत. भरीला जिभेचा दोष. ‘र’ च्या जागी ‘व’ यायचा. घरी त्याला विली म्हणत. नाव विचारलं की तो ‘विली वेन्स’ सांगायचा. स्वतःचं आडनावच दगा देत असेल, तर मुलगा चारचौघांत तोंड उघडायला किती कचरत असेल याची कल्पना करा. आपल्या वर्गातही असं एखादं पोर असायचंच. प्रकट वाचनाचा तास आला की ते दप्तरात काहीतरी शोधत बसायचं.

नाटकाची गोडी लागली ती दहाव्या वर्षी. 1900 साली हेमार्केट थिएटरमध्ये ‘स्वीट नेल ऑफ ओल्ड ड्रुरी’ या नाटकात गर्दीतली पोरं हवी होती, त्यात याची वर्णी लागली. बोलायचं काही नव्हतं, नुसतं धावायचं होतं. तेवढ्याने त्याचं मन तिथे गुंतलं ते कायमचं. पुढे तो हिज मॅजेस्टीज थिएटरमध्ये कॉल बॉय म्हणून चिकटला. कॉल बॉय म्हणजे रंगपटात जाऊन, अमुकांचा प्रवेश आला, चला, अशी नटांना वर्दी देणारा पोऱ्या. तिथून चढत चढत तो प्रॉम्प्टर झाला. विंगेत बसायचं, संहिता मांडीवर, आणि नट अडखळला की शब्द पुरवायचा. रोज रात्री शेक्सपिअर ऐकायचा, तोही त्या काळातल्या उत्तम आवाजांत. शाळेत जे मिळालं नाही ते या विंगेत मिळालं, असं मला वाटतं. संबंध नाटकंच्या नाटकं त्याला पाठ झाली. फक्त ती म्हणून दाखवायची सोय नव्हती.

या थिएटरचे मालक आणि मुख्य नट होते सर हर्बर्ट बीरबोम ट्री. एडवर्डच्या काळातल्या लंडन रंगभूमीवरचं बडं प्रस्थ. रंगमंचावर खरे ससे सोडण्यापर्यंत ज्यांची हौस जायची, ते हेच. एवढ्या व्यापातल्या माणसाचं विंगेतल्या पोऱ्याकडे लक्ष जायचं कारण नव्हतं, पण गेलं. नट व्हायचं असेल तर ही जीभ सुधारावी लागेल, हे त्यांनी त्याला स्पष्ट सांगितलं. असं सांगणारे पुष्कळ असतात. ट्री यांनी सांगून झाल्यावर खिशात हात घातला. उच्चारशास्त्राची पुस्तकं घेऊन दिली आणि शिकवणीचे पैसे भरले.

मग त्या पोराने वर्षानुवर्षं घासाघीस केली. जीभ टाळूला कुठे लागते, श्वास कुठे सोडायचा, स्वर किती लांबवायचा, हे सगळं त्याने गवई पलटे घोटतो तसं घोटलं. कॅम्बरवेलची बोली गेली, ‘व’ गेला आणि ‘र’ आला. उरला तो असा एक आवाज, ज्याला कुठल्याच गल्लीचं नाव देता येत नाही. इंग्रज तो इंग्रजांचा समजत आणि अमेरिकन लोकांना तो परका वाटत नसे. त्याची मुलगी जेसिका हिने पुढे वडिलांच्या मूळ बोलीविषयी सांगितलं आहे. आपले ऐटबाज वडील एके काळी असे बोलत होते, याचंच तिला नवल वाटे.

याच ट्री यांनी 1904 साली नाट्यशिक्षणाची एक शाळा सुरू केली होती. तीच पुढे रॉयल ॲकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट, म्हणजे राडा, या नावाने जगभर प्रसिद्ध झाली. तिच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत, पण मध्ये एक महायुद्ध आहे.

1914 साली युद्ध पेटलं तेव्हा रेन्सने नुकतीच अमेरिकेच्या रंगभूमीची चव घेतली होती. तो परतला आणि लंडन स्कॉटिश पलटणीत साधा शिपाई म्हणून भरती झाला. ही पलटण पाहिली तर चकित व्हायला होतं. रोनाल्ड कोलमन, हर्बर्ट मार्शल आणि बॅसिल रॅथबोन हे पुढे हॉलिवूडमध्ये गाजलेले तिन्ही नट याच पलटणीत होते. मार्शलने एक पाय गमावला आणि नंतरची सगळी कारकीर्द लाकडी पायावर काढली. रेन्सच्या वाट्याला विषारी वायू आला. 1916 च्या नोव्हेंबरमध्ये फ्रान्समधल्या व्हिमी इथे वायुहल्ला झाला, त्यात त्याच्या उजव्या डोळ्याची नव्वद टक्के दृष्टी कायमची गेली. स्वरतंतूंनाही इजा झाली. एवढी वर्षं खपून कमावलेला आवाज, आणि त्यावरच घाला.

आवाज परतला, पण थोडा बदलून. त्याला खाली एक बारीक खरखर आली, मखमलीच्या आत वाळू असावी तशी. आज आपण चित्रपटांत ऐकतो तो रेन्सचा आवाज असा दुहेरी घडलेला आहे, निम्मा शिकवणीने आणि निम्मा युद्धाने. आघाडीवर तो पुन्हा गेला नाही, पण सैन्यात राहिला आणि शिपाई म्हणून गेलेला माणूस कॅप्टन होऊन बाहेर पडला. दुसरी शिकलेल्या कॅम्बरवेलच्या पोराला त्या काळच्या इंग्रज सैन्यात अधिकारी होणं सोपं नव्हतं. तिथेही तो कमावलेला उच्चार कामी आला असणार, अशी माझी अटकळ आहे. डोळ्याबद्दल मात्र त्याने जन्मभर वाच्यता केली नाही. त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलेल्यांनाही ते ठाऊक नव्हतं.

ट्री 1917 साली वारले. त्यांचा प्रॉम्प्टर युद्धानंतर लंडनच्या रंगभूमीवर नाव काढू लागला, आणि ट्री यांनी काढलेल्या शाळेत तो शिकवायला जाऊ लागला.

विसाव्या दशकाच्या पूर्वार्धातला तो वर्ग डोळ्यांसमोर आणायला मला आवडतं. मास्तर बुटका, जेमतेम साडेपाच फुटांच्या आसपास, पण खांदे रुंद. दाट तपकिरी केसांची झुलपं एका डोळ्यावर ओढलेली. हे केसांचं वर्णन जॉन गिलगुड यांनी करून ठेवलं आहे. ते तेव्हा विशीच्या आतबाहेरचे विद्यार्थी होते. वर्गातल्या यच्चयावत मुली मास्तरांच्या प्रेमात होत्या, असंही त्यांनी नमूद केलं आहे. मास्तर धीर देणारे होते, शिकवायला उत्तम होते, आणि सुरुवातीची काही वर्षं आपण त्यांचीच नक्कल करत होतो, अशी कबुली गिलगुड यांनी दिली. विसाव्या शतकातला इंग्रजी रंगभूमीवरचा सर्वांत सुरेल आवाज कुणाचा, असं विचारलं तर जाणकार गिलगुड यांचं नाव घेतात. त्या आवाजाने ज्याची नक्कल केली, त्या मास्तरांना लहानपणी आडनाव उच्चारता येत नव्हतं.

दुसरा विद्यार्थी चार्ल्स लॉटन. स्कारबरोच्या हॉटेलवाल्याचा मुलगा, अंगाने स्थूल, घरचा धंदा सोडून पंचविशी उलटल्यावर नाट्यशाळेत आलेला. सुंदर चेहऱ्याच्या नायकांच्या जमान्यात याला कोण घेणार, असं कुणालाही वाटलं असतं. तो सुवर्णपदक घेऊन बाहेर पडला.

1926 साली रेन्स एका नाटकासाठी न्यूयॉर्कला गेला आणि तिथलाच झाला. थिएटर गिल्ड या संस्थेच्या नाटकांत त्याने काही वर्षं कामं केली. पर्ल बक यांच्या ‘द गुड अर्थ’ या कादंबरीवरच्या नाटकात तर 1932 साली त्याने चिनी शेतकरी वांग लुंग रंगवला. मंदीचे दिवस होते, नाटकं धडाधड बंद पडत होती. चाळिशी ओलांडलेला, बुटका, एका डोळ्याने अधू असलेला नट. चित्रपटासाठी त्याने दिलेली चाचणी फसली होती. पडद्यावर तो नाटकी दिसला, हातवारे मोठे, मान ताठ. त्याला घेण्यात कुणाला रस नव्हता.

पण सांगतात ते असं, की दिग्दर्शक जेम्स व्हेल यांच्या कानावर त्या फसलेल्या चाचणीतला आवाज पडला. एच. जी. वेल्स यांच्या ‘द इन्व्हिजिबल मॅन’ या कादंबरीवर ते चित्रपट करत होते. त्यांना चेहरा नकोच होता! नायक अदृश्य. तोंडाला पट्ट्या, डोळ्यांवर काळा चष्मा, नाक खोटं, आणि त्याखाली काहीच नाही. स्टुडिओच्या मनात बोरिस कार्लॉफ होता, पण व्हेल यांनी रेन्सचा हट्ट धरला.

1933 सालचा हा चित्रपट जमेल त्याने पाहावा. त्यातल्या करामती आजही ताज्या वाटतात. रेन्सला काळ्या मखमलीने पूर्ण मढवायचं, त्यावर कपडे चढवायचे आणि काळ्या मखमलीच्याच पडद्यासमोर त्याचं चित्रण करायचं. काळ्यावर काळं दिसत नाही, म्हणून फक्त कपडे चालताना दिसतात. मग ती फिल्म खोलीच्या दृश्याशी जोडायची. संगणक नसताना जॉन फुल्टन या तंत्रज्ञाने हे साधलं. पण करामत कितीही अफाट असली तरी तिने पाच-दहा मिनिटं करमणूक होते. तासाभराचा चित्रपट तोलून धरतो तो आवाज. तो आधी चिडका येतो, मग विनवणीचा, मग सत्तेची धुंदी चढल्यावर गडगडाटी हसणारा, आणि शेवटी मरणाच्या खाटेवर थकलेला. रेन्सचा चेहरा प्रेक्षकांना दिसतो तो चित्रपटाच्या अगदी शेवटी, काही क्षण, प्रेत झाल्यावर. पूर्वी एका इंग्रजी मूकपटातली किरकोळ भूमिका सोडली तर पडद्यावरचं हे त्याचं पहिलंच काम, आणि त्यात तोंड दिसलं ते मेल्यावर. तरीही चित्रपट लागला आणि तो प्रसिद्ध झाला.

योगायोग असा, की त्याच 1933 साली लॉटनचा ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’ आला आणि विद्यार्थ्याला प्रमुख अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. मास्तर तेव्हा कुठे दारात पाऊल टाकत होते.

पुढची बारा-पंधरा वर्षं, मुख्यतः वॉर्नर ब्रदर्सच्या छत्राखाली, रेन्सने जे काम केलं त्याला आपल्याकडे चरित्र अभिनेत्याचं काम म्हणतात. मथळ्यावर नाव दुसऱ्याचं, नायिका दुसऱ्याची, आणि हा मधे येऊन दृश्य खिशात घालून जातो. 1938 च्या ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ मध्ये तो लाल केसांचा टोप घातलेला नखरेल प्रिन्स जॉन आहे, आणि शेजारी गाय ऑफ गिस्बोर्नच्या वेशात उभा आहे तो त्याच्याच पलटणीतला बॅसिल रॅथबोन. एकाच पलटणीतले दोन शिपाई कॅलिफोर्नियाच्या उन्हात राजपुत्र आणि सरदार होऊन उभे! ‘जुआरेझ’ मध्ये तो फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन झाला. त्यात बेटी डेव्हिसबरोबरच्या दृश्यात त्याने तिच्याकडे अशा तिरस्काराने पाहिलं, की याला खरोखरच आपलं काम आवडलेलं नाही असं वाटून ती घाबरली. पुढे दोघांची घट्ट मैत्री झाली, आणखी तीन चित्रपट बरोबर झाले, आणि आपल्या आवडत्या सहकलाकारांत ती कायम त्याचं नाव घेत राहिली. पुन्हा सांगतो, त्या नजरेतला एक डोळा जवळजवळ निकामी होता.

1939 चा ‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’ बहुतेकांना जेम्स स्टुअर्टच्या लांबलचक भाषणासाठी आठवतो. मला तो सिनेटर पेनसाठी आठवतो. एके काळचा ध्येयवादी, आता एका धनदांडग्याच्या तालावर नाचणारा, पांढऱ्या केसांचा भारदस्त पुढारी. रेन्स त्याला खलपुरुष करत नाही. तरुण स्मिथ बोलत असताना तो ऐकतो, एवढंच. ऐकताना त्याच्या चेहऱ्यावर आपली जुनी ओळख पटल्याची जी लाज येते, तशी लाज दाखवणारा नट मी फारसा पाहिलेला नाही. विंगेत बसून हजारो रात्री दुसऱ्यांची भाषणं ऐकलेला माणूस होता तो. पडद्यावर कसं ऐकावं हे त्याच्याकडून शिकावं. या कामासाठी त्याला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन मिळालं. बक्षीस ‘स्टेजकोच’ साठी थॉमस मिचेलला गेलं.

मग 1942 चा ‘कॅसाब्लांका’. कॅप्टन रेनो रिकच्या कॅफेत जुगार चालतो हे आत्ताच कळल्यासारखा थक्क होऊन कॅफे बंद करायचा हुकूम देतो, आणि त्याच क्षणी कॅफेचा माणूस येऊन त्याची जुगारात जिंकलेली रक्कम त्याच्या हातात ठेवतो. रेन्स ती घेतो, हलकेच आभार मानतो आणि पुढच्याच श्वासात लोकांना बाहेर काढायला ओरडतो. सगळं मिळून काही सेकंद. कुठे डोळा मिचकावणं नाही की प्रेक्षकांकडे बघून हसणं नाही. त्या दोन सुरांमधला बदल इतका अचूक आहे, की आपल्या ओळखीच्या किमान दोन सरकारी अधिकाऱ्यांची आठवण यावी. शेवटी विमानतळाच्या धुक्यात तो विशी पाण्याची बाटली हातात घेतो, लेबलाकडे बघतो आणि ती कचऱ्याच्या टोपलीत टाकून टोपलीला लाथ मारतो. जर्मनांच्या तालावर चालणारं फ्रान्सचं तेव्हाचं सरकार विशी गावातून चालायचं. तोवर वारा येईल तशी पाठ फिरवणाऱ्या माणसाने बाजू घेतली, हे त्या लाथेतून कळतं. दुसरं नामांकन. बक्षीस चार्ल्स कोबर्नला.

1944 च्या ‘मिस्टर स्केफिंग्टन’ मध्ये तो एका ज्यू सावकाराचं काम करतो. आपल्यावर प्रेम नसलेल्या रूपगर्वित बायकोला तो आयुष्यभर समजून घेतो आणि शेवटी नाझींच्या छळछावणीतून आंधळा होऊन परततो. बायकोचं रूप तोवर गेलेलं असतं, पण याला ते दिसत नाही. बायकोच्या कामात बेटी डेव्हिस. चित्रपट लांबट आहे आणि मधे रेंगाळतो, पण ते शेवटचं दृश्य सोसवत नाही. तिसरं नामांकन. बक्षीस बॅरी फिट्झेराल्डला.

चौथं 1946 चं, हिचकॉकच्या ‘नटोरियस’ साठी. माझ्या मते हेच त्याचं सर्वश्रेष्ठ काम. ब्राझीलमध्ये लपलेला नाझी अलेक्झांडर सेबॅस्टियन, आईच्या धाकातला, बुटका, मध्यमवयीन. अमेरिकेची हेर असलेल्या बर्गमनवर त्याचं खरंखुरं प्रेम जडतं. बर्गमन त्याच्याहून उंच होती, म्हणून चित्रण करताना त्याला उंचवट्यावरून चालवावं लागे, पण एरवी उंचीतल्या फरकाचा हिचकॉकने उपयोगच करून घेतला आहे. शेवटी केरी ग्रँट तिला जिन्यावरून खाली आणतो, गाडीत बसवतो आणि दार लावून घेतो. सेबॅस्टियन बाहेर राहतो. मागे घराच्या दारात त्याचे साथीदार उभे आहेत, त्यांना सारं कळून चुकलं आहे. तो वळतो आणि पायऱ्या चढायला लागतो. आपण एका नाझीच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघून हळहळतो, आणि मग आपलीच आपल्याला शरम वाटते. त्या वर्षी बक्षीस मिळालं हॅरोल्ड रसेलला. सैन्यात असताना स्फोटकांच्या अपघातात त्याचे दोन्ही हात गेले होते आणि तो व्यावसायिक नटही नव्हता. ते बक्षीस कुणाच्याही डोळ्यांत पाणी आणेल असं होतं. एक नामांकित नट स्वतःही युद्धात अधू झालेला आहे, हे मात्र त्या सभागृहात जवळपास कुणालाच माहीत नव्हतं.

चार वेळा नाव, चारही वेळा हात रिकामे. याबद्दल रडगाणं गाण्यात अर्थ नाही, कारण त्याने ते गायलं नाही. 1941 साली त्याने पेनसिल्व्हेनियात स्टॉक ग्रेंज नावाची साडेतीनशेहून अधिक एकरांची शेती घेतली होती. जुनं दगडी घर, गुरंढोरं, ट्रॅक्टर. चित्रण संपलं की तो हॉलिवूडच्या मेजवान्यांना न थांबता थेट शेतावर जायचा. अमेरिकेचं नागरिकत्व त्याने 1939 सालीच घेतलं होतं. लंडनच्या गल्लीतल्या पोराला जमिनीचं असं वेड लागावं, हे मला त्याच्या भूमिकांइतकंच मनोरंजक वाटतं.

मुलीने सांगितलेली एक आठवण याच काळातली. 1950 च्या सुमाराला गावातल्या थिएटरात ‘द इन्व्हिजिबल मॅन’ पुन्हा लागला, म्हणून तो जेसिकाला घेऊन गेला. कडाक्याची थंडी, डोक्यावर हॅट, तोंडाभोवती मफलर. खिडकीशी त्याने तिकिटं मागितली आणि तिथल्या माणसाने नुसत्या आवाजावरून त्याला ओळखलं. फुकट आत सोडायला निघाला, तर रेन्स रागावला आणि पूर्ण पैसे मोजूनच आत गेला. आत बसून तो मुलीला हे दृश्य कसं केलं, ते कसं केलं, हे सांगू लागला. आजूबाजूचे लोक पडद्याकडे बघायचं सोडून त्याचं ऐकत बसले. मास्तरकी अंगातून जात नाही ती अशी.

घरसंसाराच्या बाबतीत त्याचं कधी जमलं नाही. सहा लग्नं झाली. त्यातलं चौथं वीस वर्षांच्या आसपास टिकलं, जेसिका त्यातलीच. ते 1956 साली मोडलं तेव्हा शेतीही गेली. दारूही पुष्कळ होती. हे लपवण्यात हशील नाही आणि उगाळण्यातही.

1951 साली तो रंगभूमीवर परतला. आर्थर कोस्लरच्या ‘डार्कनेस ॲट नून’ या कादंबरीवर सिडनी किंग्जली यांनी केलेल्या नाटकात, आपणच उभ्या केलेल्या राजवटीच्या तुरुंगात सडणारा म्हातारा क्रांतिकारक रुबाशोव. एकसष्टाव्या वर्षी रोज रात्री हे ओझं वाहणं सोपं नव्हतं. त्यासाठी त्याला टोनी पारितोषिक मिळालं. चित्रपटांनी दिलं नाही ते रंगभूमीने दिलं.

शेवटच्या कामांपैकी ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ आपल्या पिढीतल्या अनेकांनी मोठ्या पडद्यावर पाहिला असेल. त्यात आपला आय. एस. जोहर आहे, हे आपण अभिमानाने एकमेकांना सांगायचो. पण वाळवंटाच्या त्या अवाढव्य पसाऱ्यात पंख्याखाली बसून, कमीत कमी शब्दांत साम्राज्याचे डावपेच हलवणारा ड्रायडेन नावाचा म्हातारा मुत्सद्दी आठवतो का? तो रेन्स. तेव्हा सत्तरी ओलांडलेली होती. पुढे 1965 च्या ‘द ग्रेटेस्ट स्टोरी एव्हर टोल्ड’ मध्ये तो हेरॉड राजा झाला, ते शेवटचं काम. सहावी पत्नी रोझमेरी 1964 च्या अखेरीस वारली होती. तो न्यू हॅम्पशर राज्यातल्या सँडविच या लहानशा गावात राहत होता. 30 मे 1967 रोजी जवळच्या लकोनिया इथल्या इस्पितळात, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, तो गेला.

त्यानंतर पंधरा वर्षांनी, 1982 च्या ऑस्कर समारंभात, त्याचा दुसरा विद्यार्थी जॉन गिलगुड याला ‘आर्थर’ मधल्या खवचट बटलरच्या कामासाठी पारितोषिक मिळालं. वर्गवारी होती सहायक अभिनेत्याची. गिलगुड तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे होते.